बर्फाखाली

गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालताना शार्दूल हसत मागे वळला. "चल ना गं, घाबरतेस काय!"

तेवढ्यात त्याच्या पायाखालचा बर्फ फुटला आणि प्रवाहाने त्याला आत ओढून नेलं.

मेधाविनी बर्फावरून प्रवाहाच्या दिशेने धावत सुटली. थोडं पुढे बर्फ काचेसारखा नितळ होता. पाठीवरची सॅक खडकात अडकून नवरा तिथे थांबला होता, खालून मुठी आपटत होता. तिने काठीचे घाव घातले. बर्फावर नुसता ओरखडा उठला.

"दीदी, मागे या!" वाटाड्या स्तान्झिन ओरडला.

तिने काठी टाकली, हातमोजा काढला आणि पालथं पडून तळवा बर्फावर टेकवला. शार्दूलने खालून नेमका तिथेच आपला तळवा ठेवला.

मग सॅक खडकातून सुटली आणि पाण्याने त्याला पुढे नेलं.

स्तान्झिन तिला उठवू लागला, तेव्हा तिचा हात बर्फाला चिकटला होता. तिला तो सोडवायचा नव्हता.