मेरीचं बाळंतपण

तुर्कस्तानात डोंगर पोखरून केलेल्या जुन्या चर्चमध्ये शिरलो, तरी आम्हा विहिणींचं भांडण मिटेना. सुनेला पाचवा महिना.

“पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं,” वसईची विहीण म्हणाली.

“माझं नातवंड माझ्याच घरात जन्मेल,” मी बजावलं. माझ्यापुढे आजवर कुणाचं चाललेलं नाही.

भिंतीवर मांडीवर बाळ घेतलेल्या मेरीचं चित्र होतं. मी सुनेला विचारलं, “हिचं बाळंतपण कुठं गं झालं? माहेरी की सासरी?”

“गोठ्यात, आई,” सून म्हणाली.

“अगंबाई! देवाच्या आईला गोठा? दोन्हीकडच्या म्हाताऱ्या भांडत बसल्या असतील, दुसरं काय!”

विहिणीनं माझ्याकडे बघितलं. मग दोघी अशा हसलो, की गुहा घुमली.

“न्या तुमच्या लेकीला,” मी म्हटलं. “पण डिंकाचे लाडू माझ्याच हातचे.”