थंडीतलं पाणी

"पानी नको घालू. किती वेला सांगू तुला?"

यशोदाबाईंनी सुनयनाचं मनगट धरेपर्यंत सहा कुंड्या भिजल्या होत्या.

यशोदाबाई करावे गावच्या, नर्सरीत कामाला. नेरूळच्या या गॅलरीतले सात निवडुंग त्यांनीच सुनयनाच्या आईला, बाळाबाईंना, आणून दिले होते. चार वर्षांत एकही फुलला नाही. बाळाबाई साताऱ्याच्या शेतातून आलेल्या. कोरडी माती त्यांना बघवत नसे. यशोदाबाई दर वर्षी बजावायच्या, "दिवाली ते शिमगा थेंब नाय. तानेला ठेवला का फुलतो." गेल्या पावसाळ्यात आईनं कबूल केलं होतं. या थंडीत नाही घालणार. गुलाबी फूल एकदा बघायचंय.

दिवाळीआधीच ती गेली. किडन्या.

आता सत्त्याण्णवचा जानेवारी होता. ऑफिसात सुनयनाच्या हातून चुका होत. ताटातलं अर्धं तसंच राही. पण आंघोळ झाली, की तुळशीला घालावं तसं ती रोज सातही कुंड्यांना पाणी घाली.

यशोदाबाईंनी एक कुंडी उचलली. काटे चुकवून निवडुंग बुडाशी दाबून पाहिला.

"मऊ परला. ह्यो कुजनार. तुझे आयशीला फूल पायजे व्हता ना? शिकलेली पोर तू, एवरा कलत नाय?"

"कळतं."

"मंग?"

सुनयनानं तांब्या कठड्यावर ठेवला.

"आई शेवटचे नऊ दिवस पाणी मागत होती, मावशी. दिवसाला दोन कप, वर थेंब नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी नाही दिलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे तिनं मागितलं, तर त्या बाईलाही मीच नको म्हटलं. मग औषध आणायला खाली गेले. तेवढ्यात गेली. तोंडात शेवटचं पाणीही पडलं नाही."

खाली सोसायटीत कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. ती सुरू होईना.

यशोदाबाईंनी कुंडी जागेवर ठेवली. बोटांची माती लुगड्याला पुसली. मग तांब्या उचलून सुनयनाच्या हातात दिला.

"ती कोपऱ्यातली र्‍हायली बघ."