काटा चाळीसवर

खाणीत एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटेवरची उघडी चारचाकी, ताशी चाळीसच्या वर न्यायची नाही, असा नियम. जावयाची उलटली, तेव्हा "काटा चाळीसवरच होता," हेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. चौकशीत वेग जास्त निघाला आणि खोटं बोलला म्हणून त्याची नोकरी गेली. त्याच खाणीत गाड्यांचा मिस्त्री असलेल्या सासऱ्याला तोंड दाखवायला जागा उरली नाही. त्याने जावयाशी अबोला धरला.

तीन महिन्यांनी गाडी दुरुस्त झाली. साहेबांना मागे बसवून मिस्त्रीने ती पळवून पाहिली. काटा चाळीसवर, साहेबांच्या मोबाइलवर जीपीएसचा वेग अठ्ठेचाळीस.

"टायर मूळच्यापेक्षा मोठे आहेत, म्हणून मीटर कमी दाखवतंय. बदलल्यावर जुळवायला हवं होतं," साहेब म्हणाले. "अपघाताआधी टायर चढवले कोणी?"

मिस्त्रीने हात पुसून फोन काढला.

"सांगतो, साहेब. आधी जावयाला सांगू द्या."