बंद घरातली ऊब

“खिडकीवरची ही झडप तेवढी कधी बुजवू नका, मॅडम. सगळं घर इथूनच श्वास घेतं,” फ्लॅटचा ताबा देताना साइट इंजिनिअर म्हणाला होता. मंजुषा नुसती हसली होती. रहाटणीत समोरच दोन टॉवर उठत होते. श्वासाबरोबर सिमेंटही घरात येणार, हे तिला न सांगता कळत होतं. तिने झडपेवर जाड चिकटपट्टी मारून टाकली. पुढे खालच्या मजल्यावरच्या वर्षालीचे दिवस भरत आले, तेव्हा तिच्याही बेडरूममधल्या झडपेवर स्वतः खुर्चीवर चढून तशीच पट्टी मारून दिली. “बाळाच्या नाकात धूळ नको बाई,” म्हणाली.

आता त्याच वर्षालीच्या दाराची बेल मंजुषा दाबून धरत होती, आणि आतून कुणी येत नव्हतं. कडेवर तिची तान्ही लेक दिव्या, अर्धवट दूध प्यायलेली, ओठ काढून बसलेली.

सकाळी लिफ्टमध्ये वर्षालीची आई भेटली होती. दुर्गाबाई, अंबाजोगाईच्या. लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या. एका हातात लोखंडी शेगडी, दुसऱ्या हातात कोळशाची पिशवी.

“शेकायला हो. लेकीला अन् नातवाला,” त्या म्हणाल्या. “तुमची बिल्डिंग लई गुणाची बघा. आमच्याकडं पत्र्याच्या फटीतून निम्मी ऊब पळून जाती. इथं कुठून वाराच येत नाही. मूठभर कोळशात खोली कशी गरमागरम!”

“मग! ग्रीन बिल्डिंग आहे, काकू,” मंजुषा ऐटीत म्हणाली होती. दुहेरी काचा, कडांना रबर. उन्हाची धग आत येत नाही, एसीचा गारवा बाहेर जात नाही, विजेचं बिल निम्म्यावर. माहेरची माणसं आली की आधी ती त्यांना लॉबीतली हिरवी पाटी दाखवायची.

दुपारी दिव्याला पाजताना मात्र ती कोळशाची पिशवी तिच्या डोळ्यांपुढे आली. जे घर ऊब बाहेर जाऊ देत नाही, ते निखाऱ्यांचा विषारी वायू कुठून जाऊ देणार? त्याला ना रंग, ना वास. आणि उरलीसुरली वाट तिनेच तर बुजवली होती. दिव्याला उचलून ती तशीच खाली धावली होती.

आता दारातूनच तिने वर्षालीला फोन लावला. दाराआड रिंग वाजत राहिली. वर्षालीचा नवरा कुलदीप चाकणला कारखान्यात, फर्स्ट शिफ्टला. त्याचा फोन लॉकरमध्ये. मंजुषा मुठीने दार बडवायला लागली. दिव्याने भोकाड पसरलं.

दार उघडलं. दुर्गाबाईंच्या खांद्यावर ओली दुपटी होती.

“आग लागली का काय ओ? गॅलरीत होते मी. लेकरू आत्ता कुठं झोपायलंय!”

“बाळ कुठंय, काकू?”

“हे काय, इथं.”

हॉलमध्ये झोळी टांगलेली होती. गॅलरीचं दार सताड उघडं. मंजुषाने बाळाच्या नाकापाशी बोट धरलं. कोमट वारा लागला. बाळाने तोंड वेंगाडलं, एवढीशी जांभई दिली. मंजुषा तिथंच फरशीवर बसली.

“शेकून झालं की लगेच बाहेर आणलं बाई त्याला. किती घाबरावं माणसानं!” दुर्गाबाई हसल्या. त्यांनी पाणी आणून दिलं. मंजुषाही डोळे पुसत हसली. बाळाची मूठ सोडवून तिने नखं पाहिली. गुलाबी होती. मग कुठे ती पाणी प्यायली.

“आणि वर्षाली?” तिने सहज विचारलं.

“तिला असू द्या. आत दार लावून शेगडीपाशी पडलीय. मघाशी चहाला दोन हाका मारल्या, ओ नाही दिली. रात्रभर जागती ती. म्हटलं, झोपू द्यावं.”

मंजुषाने दिव्याला त्यांच्या अंगावर अक्षरशः टाकलं आणि बेडरूमचं दार ढकललं. खोलीत ओव्याचा गोड वास होता. वर्षालीचे गाल मस्त लाल दिसत होते. मान मात्र कशीही कलत होती. मंजुषाने तिला काखेत धरून फरफटत गॅलरीत आणलं आणि खाली वॉचमनला अँब्युलन्ससाठी ओरडून सांगितलं. मग ती वर्षालीच्या नावाने हाका मारत राहिली. दुर्गाबाई दोन लेकरं छातीशी धरून उभ्या. किती तरी वेळाने वर्षालीचे ओठ हलले.

वर्षाली वाचली. हॉस्पिटलात तिला बघायला सोसायटीतल्या झाडून साऱ्या बायका आल्या. प्रत्येकीने आल्या आल्या विचारलं, “बाळ कसंय?”

मंजुषाने कुणाला नावं ठेवली नाहीत. ती स्वतः धावली होती तीही बाळासाठीच. पण तेव्हापासून भेटेल त्याला ती एकच सांगते, तुम्हालाही सांगते आहे: शेजारी कुणी बाळंतीण असेल तर आज जाऊन या. बाळ बघून परत फिरू नका. तिला हाक मारा, आणि ती ओ देईपर्यंत तिथून हलू नका.