शंभर डॉलर आणि एक शनिवार

"वरून मार, बस्स. खरवडायचं नाही," मार्जीन म्हणाली.

व्हर्लिनने पिकअपचं मागचं दार खाली पाडलं आणि हौद्यात डोकावून पाहिलं. काळं अस्तर कडांना सुटलं होतं. चाकावरच्या फुगवट्यांवर तर पापड उठले होते.

"तसं चालत नाही. जुन्यावर नवं मारलं तर दोन महिन्यांत दोन्ही जातील. आधी घासून पत्रा उघडा करायचा, मगच फवारायची गन हातात घ्यायची."

"काय चालतं ते मी विचारलंय का तुला?"

ती हाताची घडी घालून गाडीला टेकून उभी होती. त्याने दिलेल्या थंडगार चहाला तिने ओठही लावले नव्हते. बाहेर लाल माती उडत होती आणि हौद्यांना अस्तर फवारून देणाऱ्या त्याच्या दुकानाची पाटी वाऱ्याने खांबावर आपटत होती.

गावाने तिचा निकाल कधीच लावून टाकला होता. तिचा नवरा रॉयस ऑक्टोबरात नाहीसा झाला, गाडी तळ्याकाठी सापडली आणि बायको चारचौघांत रडली नाही. गावाला आणखी काय हवं? चर्चच्या सहभोजनात तिच्या भांड्याला आता कुणी हात लावत नसे. ती ते भरलेलंच परत नेई, आणि पुढच्या रविवारी पुन्हा भरून आणी. बाई हट्टी खरी.

सोमवारी शेरीफ ही गाडी शहरात नेणार होता. तिथले तपासनीस अस्तर काढून खाली रक्त आहे का ते बघणार होते. आज शुक्रवार. खाली काही सापडलं, तर मार्जीनचा उरलेला जन्म तुरुंगात जाणार, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

"रॉयसचंच काम," व्हर्लिन मान हलवत म्हणाला. "लांबून ओळखू येतं."

रॉयसला सगळं आपल्या हाताने करायचा नाद. हार्डवेअरच्या दुकानातला अस्तराच्या रंगाचा डबा, एक रोलर, दोन बिअर. 'शंभर डॉलर आणि एक शनिवार,' असं तो ज्याला त्याला सांगे, आणि व्हर्लिनकडे निघालेलं गिऱ्हाईक वाटेतच गाठून आपल्या अंगणात नेई. वर मजुरीही घेत नसे. अर्ध्या पंचक्रोशीचे हौदे त्याने असे फुकट रंगवून दिले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तसा त्याचा स्वतःचा हौदा मात्र उघडा पत्रा. गाडी तळ्याकाठी सापडली तेव्हा तो काळा झालेला होता. रॉयसने अखेर मनावर घेतलं, असं आधी लोक म्हणाले. मग म्हणू लागले, मार्जीनने घेतलं असेल. तिच्या शेडमध्ये डब्यांना काय तोटा?

"शेरीफला मी तेव्हाच सांगितलं," व्हर्लिन म्हणाला, "ही गाडी माझ्या दुकानात कधी आलीच नाही. रॉयस मेला तरी माझ्याकडे आला नसता." तो चपापला. "म्हणजे, आपली बोलायची पद्धत."

"कळलं. किती वेळ लागेल?"

"आज दुपारभर घासतो. उद्या फवारतो. रविवारी गाडी तुझ्या दारात."

"आणि पैसे?"

"राहू दे गं. शाळेपासूनची ओळख आपली."

व्हर्लिनने कुणाला फुकट काही दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मार्जीनने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं.

त्याने ग्राइंडरची वायर सोडवली, तोंडावर मास्क चढवला आणि मग पुन्हा खाली ओढला. आवाज हलका करून म्हणाला, "हे बघ मार्जीन. खाली काही दिसलं, तर मी ते पाहिलेलं नाही. तू घरी जा."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "काय दिसेल असं वाटतं तुला?"

"मला? मला काहीच वाटत नाही. गंज दिसेल."

"मग घासू नकोस. मी कालच बघितलंय."

ग्राइंडर त्याच्या हातातच राहिला. "काय बघितलंस?"

"त्या पुढच्या कोपऱ्यात, हत्यारांच्या पेटीखाली. स्वयंपाकघरातलं उलथणं घातलं तर संत्र्याच्या सालीसारखं सोलून निघालं की रे! पार पत्र्यापर्यंत." ती चक्क हसली. "असलं फालतू काम रॉयसने दारू पिऊनही केलं नसतं. कुणा अडाण्याने केलंय कुणास ठाऊक."

"पत्र्यापर्यंत नाही," व्हर्लिन म्हणाला.

"माझ्या या हातांनी सोललंय मी."

"नाही सोललंस."

"लहान पोरानेसुद्धा सोललं असतं, व्हर्लिन. नखानेसुद्धा."

व्हर्लिनच्या मानेपर्यंत रक्त चढलं. तीस वर्षांत कुणी त्याला असं तोंडावर म्हटलं नव्हतं. फुकट रंगवणाऱ्या रॉयसचीसुद्धा तेवढी छाती झाली नव्हती.

"वरचा डब्याचा थर सुटेल! तो सुटणारच, रोलरचाच आहे तो!" त्याने हौद्याच्या कडेवर मूठ आपटली. "पण त्याच्या खालचा गनचा आहे. गरम फवारलेला, ओला असतानाच तारेने कड कापलेला. तिथे उलथणं काय, छिन्नी घाल, छिन्नीच वाकेल. माझं काम आजवर पत्र्यावरून कधी—"

पाटी खांबावर आपटली.

व्हर्लिनने वाकून पेटीखाली पाहिलं. कोपऱ्यातलं अस्तर जसंच्या तसं होतं. त्यावर साधा ओरखडाही नव्हता.

मार्जीनने हाताची घडी सोडली. नऊ महिने गावासमोर न आलेलं रडू आता तिला आवरेना, आणि तिने डोळे पुसलेही नाहीत.

"रॉयस कुठे आहे, व्हर्लिन?" तिने विचारलं.