जड काडतूस

नेड्राने ते काडतूस काट्यावरून उचललं, पुसलं आणि पुन्हा ठेवलं. जड ते जडच.

ती मटकन स्टुलावर बसली. नवरा, व्हर्लिन, न्हाव्याकडे गेला होता. तो असा गावात गेला की ती गॅरेजमध्ये येऊन त्याने भरलेली काडतुसं गुपचूप तोलायची. पितळी पुंगळ्या आणि शिशाच्या गोळ्या तो वजनाने निवडून घ्यायचा, त्यामुळे भरलेली काडतुसंही सारख्याच वजनाची व्हायची. त्याच्या नेमबाजीला बारूद थोडीच लागे. चुकून एकाच पुंगळीत दोनदा पडली तरी ती मावायची, वरून काही कळायचं नाही. कळायचं ते रायफल तोंडावर फुटल्यावर. आणि शनिवारी पोकाटेलोला सामना होता.

बारूद घालताना व्हर्लिनला चकार शब्द खपत नसे. बहिणीला जुळं झाल्याची बातमीसुद्धा नेड्राने एकदा दाराबाहेर तशीच धरून ठेवली होती. असा माणूस हल्ली शेगडीवर किटली विसरायचा, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारायचा. एक जरी काडतूस चुकलं तरी त्याला थांबवायचं, असं तिने ठरवलं होतं. आज ते चुकलं होतं, आणि तिला रडू येत होतं. हे भरायचं काम काढून घेतलं तर त्या खट्याळ म्हाताऱ्याजवळ उरणार काय?

पिकअप दारात थांबली. व्हर्लिन मान खाजवत आत आला. तिने काडतूस त्याच्यापुढे धरलं.

"यात दोनदा पडलीय. बस झालं आता, व्हर्लिन."

त्याने ते उलटं करून तिला बूड दाखवलं. बारूद पेटवणाऱ्या तिथल्या टोपीवर ठोका होता, म्हणजे ती आधीच उडालेली. घाबरलेल्या नेड्राला ते दिसलंच नव्हतं. मग त्याने पकडीने गोळी उपसली आणि आतलं तिच्या तळहातावर ओतलं. पांढरं मीठ निघालं, तिच्याच स्वयंपाकघरातलं.

"जीव गेला असता ना माझा, मेल्या," ती म्हणाली.

"मी काटा कधी पुसत नाही, आणि हल्ली तो लख्ख असतो. म्हटलं, बघावं, तपासणारी नीट तपासतेय का. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही गं."

नेड्राने मीठ मुठीत घट्ट धरलं. व्हर्लिनने बारुदीचा डबा हळूच तिच्याकडे सरकवला.

"आजपासून भरायचं तू," तो म्हणाला, "आणि गप्प बसायचं मी."