सोना ठेविली

या मंडळी, अंमळ जवळ सरका. टाळ खाली ठेवा आणि बुरुजाच्या पोटातल्या सोन्याची गोष्ट ऐका.

हरवलेले खजिने शोधणाऱ्या चौघांच्या टोळीत मोडी वाचायचं काम मंदाकाकूंचं. तीन किल्ले पालथे घालून हाती धूळच आली होती. या चौथ्या किल्ल्यावरही काही मिळालं नाही, तर टोळी मोडणार होती.

"काकू, सोन्याच्या पाटल्या करायच्या की गोठ?" म्होरक्या रणधीर बुरुजाखालच्या भुयाराच्या भिंतीवर पहार हाणत हसला.

एक चिरा निखळला. आतून गार वारा आला, आणि पाठोपाठ बांगड्या किणकिणल्या.

"ऐकलंत? सोनं वाजतंय!" रणधीर ओरडला.

काकूंनी आत विजेरी धरली. हिरव्या काचेच्या इवल्याशा बांगड्या होत्या, त्यांत मनगटाचं हाड होतं, शेजारी भातुकलीचं बोळकं. टोळीला इथवर आणणारा जुना मोडी कागद काकूंनी पिशवीतून काढून पुन्हा वाचला. कागदावर 'बुरुज टिकावा म्हणोन पोटी सोना ठेविली' असं स्वच्छ लिहिलेलं. लिहिणारा अडाणी समजून त्यांनीच ते सुधारून 'सोने ठेविले' केलं होतं.

"सोना," त्यांनी हळूच हाक मारली.

किणकिण थांबली.

"ओ," आतून बारीक आवाज आला.

रणधीरनं पहार खाली ठेवली. त्यानंच तो चिरा उचलून परत जागी बसवला. आत पुन्हा काही वाजलं नाही.

नाव घेणारं कुणी भेटलं की जीव निवतो, बाबांनो. आज दिवा लावाल तेव्हा देवाच्या नावापाठी तिचंही एकदा घ्या.